शांताताईचा उजवा हात

शांताताईला अर्धांगवायू झाला तो माधवमुळे, असं मी उघड म्हणते. हॉस्पिटलवाल्यांनी ब्लड प्रेशरवर बोट ठेवलं, गोळ्या दिल्या; त्यांचंही बरोबरच असणार. पण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ‘इथे पॉलिटिक्स नको’ म्हणत अध्यक्ष माधवने स्टेजवरचा बाबासाहेबांचा फोटो काढायला लावला, तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. ती एकटी भांडली. मी मान खाली घालून बसले. घरी पोचेपर्यंत तिचं तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात लोंबत होता.

इथे परदेशात आल्यावर डँडेनॉन्गच्या बिस्किटांच्या फॅक्टरीत तिने अठरा वर्षं पॅकिंग केलं. नवरा रामदास भिडस्त, ही तिखट. चार महिने व्यायाम करूनही हात टेबलावरून उठेना, तेव्हा मी तिला मेई नावाच्या चिनी डॉक्टरीणबाईकडे न्यायला लागले.

मेईने जीभ पाहिली आणि दोन्ही मनगटांच्या नाड्या बराच वेळ धरून ठेवल्या. त्यांच्या शास्त्रात याला वाऱ्याचा तडाखा म्हणतात. वारा बाहेरचा नाही, आतलाच. राग यकृतात साठतो, तापतो, त्याचा वारा होऊन डोक्यात चढतो. सोबत कफ जाऊन वाटा अडवतो आणि अंग लुळं पडतं. मग डोक्याला, अंगठ्याजवळ, गुडघ्याखाली सुया. हॉस्पिटलच्या गोळ्यांची यादी वाचून तिने काढा मात्र दिला नाही.

“गोळ्या सोडायच्या नाहीत,” ती म्हणाली. “राग सोडायचा.”

“ऑगस्टमध्ये मीटिंग आहे,” शांताताईने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. “तिथे त्याच्याविरुद्ध हात वर करायचाय.”

मेई हसली नाही. “वारा पुन्हा उठला तर नुसत्या हातावर निभावणार नाही.”

हे ऐकून मी घाबरले, ती नाही. घरी हाताच्या व्यायामाला चण्याचा डबा उचलताना ती ‘माधव’ म्हणायची. खाली ठेवताना जे म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

रामदासभाऊंनी भांडण मिटावं म्हणून डॉक्टरीणबाईंचं म्हणणं माधवच्या कानावर घातलं. त्याने ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वापरलं. “शांताताई, टेन्शन नको हं. तुमच्या रागानेच हे झालंय ना?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोटो दरवर्षी स्टेजवर राहील, असा ठराव मी मांडला आणि मतं मागितली. हात वर झाले. शांताताईचा उजवा हात कानापर्यंत आला आणि थरथरायला लागला.

“नऊ,” माधव म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलंच नाही.

“मोज.”

“ताई, डावा वर करा ना. नो वरीज.”

“हाच मोज.”

तिच्या कपाळावर घाम आला, पण हात खाली येईना. सगळे आता माधवकडे बघत होते. त्याचा चेहरा पडत गेला तसतसं मला बरं वाटत गेलं, खोटं कशाला सांगू?

“दहा,” तो शेवटी म्हणाला. विरोधात सव्वीस होते. ठराव पडला.

नंतर तो पाण्याचा ग्लास घेऊन आला. “ताई, आता तरी राग सोडा. तब्येतीसाठी सांगतोय.”

“सोडला तर पुढच्या वर्षी हा हात उचलू कशाने?” शांताताई म्हणाली.

माधव ग्लास पुढे करून उभा राहिला. रामदासभाऊ घ्यायला उठले, तर मी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.