ट्रक मागे कोणी घेतला

आमच्या घरात सायकल कधीच नव्हती. तरी माझ्या नवऱ्याचा पाय सायकलवरून पडून गेला, असं दोन वर्षं सगळीकडे सांगितलं जात होतं. सांगणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द नवऱ्याचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही पिंपरीत रेल्वेलाइनपलीकडे भाड्याच्या खोलीत राहत होतो. हे एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते. तिथं ड्रायव्हर चहाला गेला की ट्रक पुढंमागं करायला त्याची वाट कोणी बघत नसे. ज्याला रिव्हर्स गिअर टाकता येई तो वर चढायचा आणि मागं एकजण उभा राहून फळीवर थापा मारत "येऊ दे, येऊ दे" ओरडायचा. लायसन कोणाकडेच नव्हतं. साहेबलोक खिडकीतून बघायचे, पण माल वेळेवर सुटतोय म्हटल्यावर त्यांना काय पडलं होतं?

त्या दुपारी थापा मारायला हे उभे होते आणि स्टिअरिंगवर ह्यांचा दोस्त. दोघं जुन्नरकडच्या एकाच गावचे. ह्यांना कंपनीत चिकटवलं तेही त्यानंच, आणि राहायला आमच्याच चाळीत. बाकीचे आत माल बांधत होते. हे मागं सरकताना अडखळून पडले, थापा बंद झाल्या, पण दोस्ताचा ब्रेक उशिरा लागला. चाक डाव्या पायावरून गेलं.

दवाखान्यात नेताना सुपरवायझर सोबत होता. त्यानं वाटेतच पढवलं, "रस्त्यात सायकलवरून पडलो म्हणून सांग. नाहीतर तुझ्या दोस्तावर पोलीस केस होईल, त्याची नोकरीही जाईल. तुझं आम्ही बघून घेऊ." पायाचा चेंदामेंदा झालेला आणि ह्यांनी मान डोलावली! मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, पाय गेला म्हणजे?"

"न्हाई जात. महिन्याभरात उभा ऱ्हाईन. त्याच्या पोरांच्या तोंडचा घास काढू व्हय?"

पाय गेला. घोट्याच्या वरून कापावा लागला. मग बघून घेणाऱ्या सुपरवायझरनं आमच्याकडे बघायचंच सोडलं. कंपनीनं कामावरून कमी केलं. कामावर जायबंदी झालेल्याला पेन्शन मिळते असं ऐकून ती मागायला गेलो, तर जिथं तिथं एकच उत्तर, "तुमचा अपघात रस्त्यावरचा, त्याचा कामाशी काय संबंध?" मी चिंचवडला चार घरची धुणीभांडी धरली. सकाळी भांडी, दुपारी कचेरीतलं बाकडं, संध्याकाळी परत भांडी. इतकी दमायचे की रडायलाही त्राण नसे.

युनियनचा एक माणूस मात्र भला निघाला. "हक्क आहे तुमचा, भीक मागत नाही तुम्ही," असं म्हणून त्यानं केस घालायला लावली. ह्यांनी कोर्टात खरं सांगितलं, ट्रक पायावरून गेला, कंपनीच्या आवारातच गेला. पण चालवणाऱ्याचं नाव काही घेतलं नाही. आधीचा जबाब मात्र सायकलचा. वकील म्हणाले, बघणारा एक तरी माणूस उभा करा, नाहीतर केस टिकणं कठीण आहे.

बघणारा एकच होता, आणि त्यानं आमच्या दारावरून जाणंसुद्धा बंद केलं होतं. नळावर त्याची बायको दिसली की मी बादली आपटायचे. एकदा त्याला जिन्यात गाठून विचारलंच, "भाऊजी, खरं सांगाल का कोर्टात?" त्यानं मान खाली घातली. "वहिनी, तीन पोरं हायत माझी." ते ह्यांना कळलं तेव्हा माझ्यावरच उखडले. "त्याला पुन्हा विचारलंस तर तारखेला येणार न्हाई मी." असला हा माणूस! मला दोघांचाही संताप यायचा.

पुढं पुण्याला तारीख लागली तेव्हा तो कोर्टात दिसला, कंपनीच्या गाडीतून उतरलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. कंपनीनं त्याला आपला साक्षीदार म्हणून आणलं होतं. संपलं सगळं, असं मला वाटलं.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, "ह्यांना सायकलवरून पडताना तुम्ही पाहिलंत ना?"

त्यानं ह्यांच्या पायजम्याच्या रिकाम्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाला, "न्हाई साहेब. ट्रक मी मागं घेत व्हतो. चाक मीच घातलं त्याच्या पायावर."

कंपनीची गाडी त्याला न घेताच निघून गेली. पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला, पेन्शन सुरू झाली, पण मला आठवते ती त्या दिवसाची परतीची बस. त्यानं ह्यांना काखेत धरून वर चढवलं, जागेवर बसवलं आणि स्वतः दांडीला धरून उभा राहिला.

दापोडी आली तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, उद्या मला गेटातून आत घेणार न्हाईत. घरी काय सांगू?"

त्या माणसाला सुनवायला दोन वर्षं मी शब्द साठवून ठेवले होते. त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. मी सरकून त्याला बसायला जागा केली. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.