पालथं पडून ऐकलेल्या गोष्टी

आठवीच्या वर्गाला मी एक कथा वाचून दाखवत होते, तेव्हा डाव्या डोळ्यात पडदा उतरायला लागला. ओळीचा शेवटचा शब्द दिसेना. पुस्तक सरकवलं, तरी दिसेना. मग त्याच्या अलीकडचाही गेला. आदल्या दिवसापासून डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत होते, ती मी चष्म्यावरची धूळ समजले होते.

माझा उजवा डोळा लहानपणापासून मंद. सगळं वाचन डाव्याच्या जिवावर. सुट्टीत मी लघुकथा लिहायचे, दिवाळी अंकांतून काही छापूनही आल्या होत्या, त्याही त्याच्याच जोरावर. पोरांना गप्प बसायला सांगून मी भिंत धरत वर्गाबाहेर आले आणि नवऱ्याला फोन लावला.

आमचे हे देऊळघाटच्या शेतातून तसेच मोटारसायकलवर आले. हाताला मिरचीचा वास.

"काऊन वं, काय झालं?"

"मले अर्धंच दिसून राह्यलं," मी म्हटलं.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आतला पडदा सुटला होता, तो बसवलाय. डोळ्यात वायू भरलाय, तो पडद्याला दाबून धरेल. पडदा चिकटेपर्यंत मान खाली ठेवायची, झोपायचंही पालथं. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही."

घरी खाटेच्या कडेला कपाळ टेकवून मी पडून राहायचे. उजव्या डोळ्याला खाली फरशीचा पांढुरका धूर तेवढा दिसे. पट्टीखाली जरा ठणकलं की वाटे, सुटला पडदा. शिंक आली तरी तेच. मन रमवायला आठवणीतली एखादी कथा सुरू करायचे, पण अर्ध्यात धागा सुटायचा. मग दुसरीच भीती धरायची, डोळ्यांसोबत गोष्टीही चालल्या की काय.

ह्यांनी खताच्या पोत्यावरची अक्षरं आणि मोबाइल यापलीकडे काही वाचलेलं मला माहीत नव्हतं. एका दुपारी हे खाटेशेजारी सतरंजी टाकून बसले. हातात माझ्या कपाटातला कथासंग्रह.

"वाचू काय?"

"तुमी?"

"हाव. शाळेत येत व्हतं, आताबी येत असन."

अडखळत, जोडाक्षरांवर थांबत हे वाचायला लागले. मधेच चिडायचे. "हा मानूस येडा हाय काय? सरळ इचारून काऊन नाई घेत तिले?" मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले आणि लगेच थिजले. हसण्याच्या हादऱ्याने डोळ्याला काही झालं तर?

रोज एक गोष्ट व्हायला लागली. त्या वेळेची मी वाट पाहायचे.

एक कथा होती आजारी आईची. तिचा मुलगा दूर गावी, आणि ती दाराकडे कान लावून पडलेली. वाचता वाचता हे थांबले. मग घाईने म्हणाले, "आन् पोरगा आला. खतम झाली."

पानं उलटल्याचा आवाज मी ऐकला होता. वाचलं मात्र काहीच नव्हतं.

"किती राह्यली अजून?"

ह्यांनी पुस्तक मिटलं.

"वाचा ना."

"नको वं. शेवट चांगला नाई. तू आधीच भेलेली हायेस." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी बी भेलो हावो. तुले सांगतलं नाई."

हॉस्पिटलात, गाडीत, घरी हे मला सारखं 'काई होत नाई' म्हणत आले होते. त्यांना भीती वाटते हे मला ठाऊकच नव्हतं. मी हात खाली सोडला, तो त्यांनी घट्ट धरला. म्हटलं, "आता दोघंबी भेलो. वाचा."

त्यांनी वाचलं. मुलगा पोहोचतो तेव्हा दाराला कुलूप असतं. त्यांचा आवाज फाटला आणि माझे अश्रू सरळ फरशीवर टपकायला लागले. हे घाबरले, उठले आणि त्यांनी थेट हॉस्पिटलात फोन लावला. "सिस्टर, पेशंट रडून राह्यला, डोळ्याले धोका हाय काय?" पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "रडलं तर चालतं. मान फक्त वर करू देऊ नका."

संग्रह संपला तेव्हा हे म्हणाले, "आता तू सांग." काय सांगणार? मला माझीच भीती ठाऊक होती. मी एका बाईची गोष्ट रचायला लागले, हे ती मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागले. मी कुठे अडले की हे विचारायचे, "मंग? मंग काय झालं तिचं?" त्या 'मंग'ला उत्तर द्यायचं म्हणून मी पुढचं वाक्य शोधायचे. अशी ती माझी पहिली न लिहिता झालेली कथा.

नजर आली, पण पूर्ण नाही. छापील ओळी कडेला वाकतात. वर्गात मी अक्षरं मोठी करून वाचते. रोज सकाळी उठल्यावर उजवा डोळा झाकून आधी समोरच्या भिंतीच्या चारही कडा पाहते. त्या दिसेपर्यंत श्वास धरलेला असतो.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यातही एक जागा पातळ झालीय, लेझर करावं लागेल. परतताना गाडी हेच चालवत होते. सिल्लोड मागे पडलं.

"सांग न काई," हे रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"काय सांगू?"

"काईबी. नवीन."

मी घसा साफ केला. म्हटलं, "एक गाव होतं, आणि त्या गावात घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई राहत होती..."

"मंग?" हे म्हणाले.