दोन्ही घ्या, आई

सासूबाईंनी मला फोन केला होता. एवढंच वाक्य. ते मी वेळेवर बोलले नाही, आणि मग कित्येक महिने बोलले नाही. माहेरी नाशिकला मला घुमी म्हणायचे. पण घुमेपणा वेगळा आणि हे वेगळं. म्हणून आता सगळं सरळ लिहिते.

आमचं घर इंदूरला, राजेंद्र नगरात. नवरा, मी आणि सासूबाई. मी विमा कंपनीच्या ऑफिसात, नवऱ्याचं ऑफिस घरापासून जवळ. सासूबाईंना साखर, ब्लडप्रेशर, थायरॉइड असं सगळं. पण त्या ठणठणीत होत्या. स्वयंपाक त्यांचा, घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला, दर गुरुवारी एकट्या बसनं महूला लेकीकडे जायच्या. औषधंही स्वतःच चौकातल्या मेडिकलवरून आणायच्या, येताना भाजीवाल्याशी भांडून.

ॲप मी आणलं. दर महिन्याला तीच औषधं आपोआप घरी येणार, कुणाला चिठ्ठी घेऊन जायला नको. मी फार उत्साहानं समजावून सांगितलं.

"मतलब आता मी मेडिकलपर्यंतसुद्धा नाही जायचं?" त्या म्हणाल्या. "उद्या म्हणशील, आई, चालूच नका, पायही घरपोच मागवते."

आम्ही हसलो. पण पहिलं पार्सल आलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून डिलिव्हरीवाल्याला ओटीपी असा खणखणीत सांगत होत्या की शेजारच्या घरातही ऐकू गेला असेल. हळूहळू त्यांनाही आवडायला लागलं.

त्यांची एक पद्धत होती. जुनं संपल्याशिवाय नवं काढायचं नाही. लोणच्याची बरणी असो, साबणाची वडी असो, नाहीतर गोळ्यांची पट्टी. ॲपची ऑर्डर मात्र जुनं संपायच्या आधीच यायची, त्यामुळे त्यांच्या डब्यात पट्ट्या साठत. त्या जुन्या वर ठेवायच्या, नव्या खाली.

एका महिन्यात ॲपवर निरोप आला की साखरेची अमुक गोळी उपलब्ध नाही, त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची पाठवू का? मी तेव्हा ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. 'हो' दाबलं आणि तिसऱ्या मजल्यावर बाहेर पडले. तिथेच ते माझ्या डोक्यातून गेलं. विसरले ती मी, हे आधीच सांगून ठेवते.

पार्सल आलं त्या दिवशी आमच्याकडे ऑडिट होतं. साहेब समोर बसलेले, टेबलावर फायली, आणि घरच्या लँडलाइनवरून फोन.

"अगं, साखरेची जुनी पट्टी अजून आहे माझ्याकडे. आणि या वेळी दुसऱ्याच नावाची आली आहे. ही तिच्याऐवजी आहे की तिच्याबरोबर? दोन्ही घ्यायच्या का?"

"हो आई, दोन्ही घ्या. आली आहे म्हणजे डॉक्टरांनीच दिली असेल."

"बघून सांगतेस ना?"

"बघितलंय आई. घ्या तुम्ही."

मी काहीही बघितलं नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते, एवढंच मला दिसत होतं.

त्या दोन्ही घेत राहिल्या. चारपाच दिवसांनी नवरा दुपारी जेवायला घरी आला तर त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेल्या, घामानं भिजलेल्या, आणि काहीतरी असंबद्ध बडबडत होत्या. त्यानं हाक मारली तर ओळखीना. मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज इतका बदललेला होता की मला वाटलं, गेल्याच.

मी हॉस्पिटलात पोचले तोवर त्या शुद्धीवर आल्या होत्या. हाताला सलाईन. डॉक्टरांनी नवऱ्याकडून औषधांचा डबा मागवला होता आणि त्यातल्या दोन पट्ट्या बाजूला काढून ठेवल्या होत्या.

"ये दोनों एक ही दवा है. बस कंपनी अलग है," ते म्हणाले. "माताजी डबल डोज़ ले रही थीं. शुगर एकदम नीचे चली गई. किसने बोला दोनों लेने को?"

सासूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"हिला विचारलं होतं मी. फोन केला होता. केला होता ना गं?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. आईला जमिनीवरून उचलून आणलेला माणूस होता तो, डोळे लाल. घरात ॲप आणणारी मी. 'बघितलंय' म्हणणारी मी.

"नाही आई," मी म्हणाले. "तुमचा फोन नव्हता आला."

हे मला सुचलं कसं, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्यानंतरचं सगळं नीट सुचून केलेलं होतं. मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये गेले आणि माझ्या मोबाइलवरून त्यांच्या कॉलची नोंद काढून टाकली. तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले.

डॉक्टर तोपर्यंत मवाळ झाले होते. "होता है, माताजी. इस उम्र में होता है."

सासूबाई छताकडे बघत होत्या. "पण मला आठवतंय," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर गोळ्यांचा डबा त्यांच्याकडून काढून घेतला गेला. तो मीच काढून घेतला. नवऱ्यानं गॅसची शेगडी एकटीनं पेटवायची नाही असं सांगितलं. किल्ल्या त्यानं मागितल्या नाहीत, पण एके दिवशी त्या त्यांनी स्वतःच काढून फ्रिजवर ठेवल्या. गुरुवारची महूची बस बंद. पूर्वी सकाळी कचरागाडी आली की ओला, सुका, औषधांची रिकामी पाकिटं वेगळी असं सगळं त्याच नेऊन टाकायच्या आणि गाडीवाल्याला "भिया, जरा थांब तरी" म्हणून ओरडायच्या. तेही मी करायला लागले.

नणंद धाकटी आहे, महूला असते. ती दर दोन दिवसांनी फोन करायची. "वहिनी, लक्ष ठेवा हं. मला तर आधीपासूनच शक होता. मागे माझ्याकडे छत्री विसरून आली होती."

कोण छत्री विसरत नाही? पण मी म्हणाले, "हो, ठेवते."

मग मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. या बाईंनी साऱ्या कॉलनीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणाची यादी आयुष्यभर तोंडपाठ ठेवलेली. पण त्या दिवशी प्रत्येक उत्तराआधी त्या माझ्याकडे बघत होत्या, बरोबर आहे का म्हणून. तीनपैकी एकच शब्द सांगितला. मला वाटतं तिन्ही आठवत होते. त्यांचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची गोळी लिहून दिली. शुरुआत है, संभाल लेंगे, म्हणाले.

ती गोळी मी ॲपवर चढवली. दर महिन्याला मोबाइलवर विचारणा यायची: हीच औषधं पुन्हा पाठवायची का? सगळ्या नावांच्या शेवटी ती गोळी. दर महिन्याला मी 'हो' दाबत होते, आणि आता पूर्ण वाचून दाबत होते.

त्या गोळीनं त्यांना मळमळायला लागलं. सकाळचे पोहे ताटलीत तसेच राहायचे. ब्लाउज खांद्यावरून सुटायला लागले. "तोंडाला चवच नाही गं," म्हणायच्या, आणि लगेच, "मी मघाशीही हेच म्हणाले का?" मीठ घातलं का, नळ बंद केला का, अंघोळ झाली का, सगळं विचारून घ्यायच्या. पूर्वी जुन्या गोष्टी सांगायला बसल्या की थांबायच्या नाहीत. आता अर्ध्यातच थांबायच्या. "जाऊ दे, मी काहीतरी भलतंच सांगत असेन."

मी किती वेळा बोलायला गेले असेन. त्यांच्या वेणीत कंगवा घालताना, देवघरातली वात करताना. तोंड उघडायचं आणि मी म्हणायची, "चहा टाकू का, आई?" नवऱ्याला सांगावं तर तो त्या दिवसाचं नाव काढलं तरी खोलीतून उठून जायचा. आणि खरं सांगू? एकदोनदा मला असंही वाटलं की कदाचित विसरत असतीलच त्या. मी ते वाटून घेत होते. त्यांनी चष्मा शोधला की मला बरं वाटायचं. यापेक्षा खालचं मला काही लिहिता येणार नाही.

मग नणंदेनं ठरवलं की आईला महूला न्यायचं. कायमचं. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. काही झालं तर? मी घरातच असते." नवऱ्यानं मान हलवली. सासूबाईंना कुणी विचारलं नाही, म्हणजे विचारलं, पण असं की उत्तर एकच निघावं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ठीक वाटतं ते करा. मला काय कळतंय आता."

रविवारी नणंद गाडी घेऊन आली. सकाळची वेळ, दारात ऊन. सासूबाईंची बॅग मी भरली होती. इतक्या वर्षांच्या घरातून एक बॅग. नवरा ती उचलायला वाकला. मी सोफ्यावर बसून ॲपमध्ये औषधांचा पत्ता बदलत होते. महूची गल्ली, महूचा पिनकोड.

"तिकडे येतील ना गं औषधं?" सासूबाईंनी विचारलं.

"येतील, आई."

त्या नणंदेकडे वळल्या आणि अगदी शहाण्यासारखं, समजावून सांगायला लागल्या. "हे बघ, मी काही सांगितलं तर एकदम धरून नको चालूस. खात्री करून घेत जा. त्या वेळी मला पक्कं वाटत होतं की मी हिला फोन केला. हिचा आवाजसुद्धा कानात होता माझ्या. आणि फोन केलाच नव्हता मी. असं होतं माझं."

माझा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला.

"केला होता," मी म्हणाले.

नवरा बॅग हातात घेऊन थांबला. "काय?"

"आईंनी फोन केला होता मला. विचारलं होतं. मी खोटं बोलले."

"वहिनी, काय बोलताय तुम्ही?" नणंद म्हणाली. "काही भी?"

सासूबाईंनी तिला हातानं गप्प केलं. त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या; फार लक्ष देऊन ऐकायचं असावं तशा बसल्या.

"मी काय म्हणाले होते फोनवर?"

"जुनी पट्टी अजून आहे म्हणालात. नवी तिच्याऐवजी आहे की तिच्याबरोबर, असं विचारलंत."

"आणि तू?"

"दोन्ही घ्या, म्हणाले."

"मग मी म्हणाले, बघून सांगतेस ना."

"हो."

"आणि तू म्हणालीस, बघितलंय."

त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. मला रडू आलं, पण ते त्यांच्यासमोर काढायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून गिळलं. नवऱ्यानं बॅग खाली ठेवली. तो एकच वाक्य बोलला, "तू त्या मेंदूच्या डॉक्टरकडे आईच्या शेजारी बसली होतीस," आणि अंगणात निघून गेला.

सासूबाईंनी विचारलं, "आणि बाकीचं? मिठाचं, नळाचं, ते सगळं? त्यातलं खरं किती?"

"मला माहीत नाही, आई." हे खरं होतं, आणि हेच सर्वांत वाईट होतं. त्यांना हवं असलेलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते आता कुणाकडेच नव्हतं.

नणंद म्हणाली, "चल आई, राहू दे ते सामान. तू कुठे जात नाहीस आता."

"जाते ना," सासूबाई म्हणाल्या. "पण ही म्हणते म्हणून नाही आणि तू म्हणतेस म्हणून पण नाही. मला हिच्यासमोर राहायचं नाहीये काही दिवस. मन झालं की येईन. बसनं येईन." त्यांनी फ्रिजवरच्या किल्ल्या घेतल्या, कमरेला खोचल्या, आणि बॅग स्वतः उचलायला लागल्या. नणंदेनं धावत जाऊन ती धरली.

मी फाटकापर्यंत गेले. त्यांनी मागे पाहिलं नाही.

नवरा अंगणातच बसून होता. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. सवयीनं लावला असावा.

"वहिनी, ती शेवटची, स्मरणशक्तीची गोळी आज द्यायची की बंद करायची?"

मी काही बोलायच्या आधी फोनमध्ये तिच्या मागून सासूबाईंचा आवाज आला, घरभर ऐकू जाईल असा.

"तिला नको विचारूस. डॉक्टरला विचार."

मी तिला डॉक्टरांचा नंबर पाठवला.