भाऊंचा प्रचार आणि माथेरानचा घोडा

आमच्या पक्षाच्या जुन्या पुढाऱ्यांचे किस्से म्हणजे खळ्यातला पेंढा. एक काडी ओढा, अख्खा भारा अंगावर! मी कर्जतला पक्षाची जीप चालवायचो. हल्लीच्या पुढाऱ्यांकडं एसी गाडी हाय, पण सांगण्यासारखा किस्सा एक नाय!

आमचे आमदार भाऊ. त्यांची ती शेवटची निवडणूक. ‘या खेपेला भाऊ पडणार’ असं खालापूरपासून कर्जतपर्यंत जो तो बोलत होता.

\*

कोंडाणे गावाला भाऊ चालत घामाघूम होऊन पोचले. एका म्हातारीनं अडवलं, "पाच वर्सं तूच होतास ना रं? मग रस्ता कुठं हाय?"

"आजी, म्हनून तर चालत आलो! रस्ता झाला असं खोटं सांगायचं असतं तर जीपनं आलो नसतो का?"

म्हातारीनं पाणी दिलं. मत दिलं का, देव जाणे!

\*

भिसेगावात पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन. नारळ फोडायला दगड सापडेना. कार्यकर्त्यांनी झुडपं तोडली, तर खाली कोनशिला. त्याच टाकीची, मागच्या निवडणुकीतली! नाव भाऊंचंच!

भाऊ म्हणाले, "फोडा ह्याच्यावरच. घरचाच हाय!"

\*

तालुकाध्यक्ष नाना स्टेजवर घोरायचे. एका सभेत कुणीतरी कोपर मारलं, तसे दचकून उठले आणि थेट आभारच मानले. लोक चपला घालून घरी! भाऊंचं भाषण अजून व्हायचं होतं.

"नाना," भाऊ म्हणाले, "लोकांनी इतकं मनावर घेतलेलं भाषण मी आयुष्यात ऐकलं नाय!"

\*

राहिलं माथेरान. तिथली मतं फिरली तर भाऊ घरी, हे भाऊंनाही ठाऊक होतं. वर गाडी जात नाही, म्हणून घोडा ठरवला. नाव राजा. भाऊ जीव मुठीत धरून बसले.

घोडेवाल्यानं एक गोष्ट सांगितलीच नाही. आधीचे चार दिवस राजा विरोधी उमेदवाराच्या प्रचारात होता!

राजा बाजारातून निघाला तो सवयीनं सरळ विरोधकांच्या सभेत. थेट स्टेजपुढं उभा! लगाम ओढा, टाचा मारा, हलेना.

उमेदवार माईकवर ओरडला, "या भाऊ! आमच्या पक्षात स्वागत!"

सभा खदाखदा हसली. मी घोड्यामागं उभा. संपलं, म्हटलं.

भाऊ घोड्यावरूनच गरजले, "मी कशाला येतोय रं? चार दिवस ह्यानं तुला वाहिला. आज राजीनामा द्यायला आलाय!"

तेवढ्यात राजानं मान लांब केली आणि उमेदवाराच्या गळ्यातला हार खायला सुरुवात केली. त्याचेच कार्यकर्ते हसून लोळले!

भाऊ निवडून आले. निकालाच्या दिवशी गळ्यात पडलेला पहिला हार काढून त्यांनी माझ्याकडं दिला. "माथेरानला पोचव."

दस्तुरीला गाड्या थांबतात, तिथपर्यंत जीपनं नेला, पुढं चालत. राजानं फुलं खाल्ली. दोरा माझ्या हातात राहिला.