फोनवर बोलल्याप्रमाणे

समस्त जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चाकणच्या एका कारखान्यात पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थाने भर सकाळी एका यंत्राला खोटं बोलायला शिकवलं. लेखी शिकवलं, नमुना जोडून शिकवलं. आरोपी हजर आहे. हकीकत त्याच्याच तोंडून ऐकावी.

आम्ही गाड्यांच्या सीटखालचे लोखंडी ब्रॅकेट बनवतो. माझं काम कागद लिहिण्याचं. प्रेसवर हात कुठे ठेवायचा, माल कसा लावायचा, हे सोप्या भाषेत लिहून मशीनच्या डोक्यावर टांगायचं. वीस वर्षं टांगतोय. त्यामुळे कंपनीत एआय एजंट आला, म्हणजे आलेले मेल स्वतः वाचून, काय करायचं ते स्वतःच ठरवणारा संगणकातला कारकून, तेव्हा प्लांट हेडनी मला बोलावलं.

"त्याला मेल पाठवायची सोय दिलीय. ती कधी वापरायची, कशी वापरायची, ते तुम्ही लिहा. तो तुमच्या कागदाबाहेर जाणार नाही."

कागदाबाहेर न जाणारा कामगार. अशा माणसाची मी नोकरीभर वाट पाहत होतो. मी अगदी रंगात येऊन लिहिलं. गेलेला मेल परत घेता येत नाही, हे ठळक अक्षरांत. पत्त्याबद्दल शंका असेल तर माणसाला विचारावे. माल उशिरा निघणार असेल तर ग्राहकाला ताबडतोब कळवावे. आणि शेवटी एक नमुना मेल, आमच्या पट्ट्यात सगळेच लिहितात तसा. त्याची सुरुवात: 'अ‍ॅज पर अवर टेलिफोनिक डिस्कशन'.

फोनवर बोलल्याप्रमाणे. हा आमच्याकडचा रिवाज आहे. आधी फोन करायचा, घरच्यांची चौकशी करायची, समोरच्याचं 'ठीक आहे' पदरात पाडून घ्यायचं आणि त्याने चहा संपवायच्या आत हा मेल टाकायचा. म्हणजे उद्या कुणी पलटायला नको. पण आधी फोन करावा लागतो, हे मी लिहिलं नाही. ते कुणी लिहितं का? जेवणाआधी तोंड उघडावे, असं कुणी लिहीत नाही.

मंगळवारी सकाळी आमच्या ब्रॅकेटना मुलामा चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याचा मेल आला की माल आज नाही, उद्या मिळेल. एजंटाने तो वाचला, माझा कागद वाचला आणि आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाच्या खरेदीवाल्या साहेबांना कळवलं की, फोनवर बोलल्याप्रमाणे आजची मालाची गाडी उद्या येईल, होकाराबद्दल आभार. खाली नाव डिस्पॅच, म्हणजे मालाची रवानगी, सांभाळणाऱ्या आमच्या बाईंचं; ग्राहकाला सगळे मेल त्यांच्याच नावाने जातात.

बाई जवळच्याच गावच्या, शेतकरी घरातल्या. सहा वर्षं कंत्राटावर. महिनाअखेरीस त्यांना पर्मनंटचं पत्र मिळायचं होतं. अट एकच होती, तोवर या ग्राहकाची त्यांच्याबद्दल एकही तक्रार येता कामा नये. त्या मेलची प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. आवाज इतका हळू की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

"सर, मी यांच्याशी कधी बोलले?"

"बोलला नाहीत."

"मग हे?"

"ते माझ्या नमुन्यातलं."

"त्यांनी वर कळवलं की बाई खोटं लिहितात, तर माझ्या पत्राचं काय?"

मी आधी एजंटाची मेल पाठवायची सोय बंद करून घेतली. बाईंनी तोवर फोन लावला होता. "निदान आता तरी बोलते, म्हणजे बोलल्यासारखं होईल." साहेबांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा कट केला. तिसऱ्यांदा मीटिंगमध्ये असल्याचा तयार मेसेज आला. बाई मोबाइल पालथा ठेवायच्या, पुन्हा उलटून बघायच्या.

मी म्हटलं, "मी प्लांट हेडना सांगून टाकतो. चूक माझी आहे."

"नका सर. तुमचं हसण्यावारी जाईल. नाव माझं हाय खाली."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. तरी मी कबुलीजबाब लिहायला घेतला. तीन ओळींपुढे हात सरकेना. जेवणाची सुट्टी झाली, संपली. बाईंच्या डब्याचं झाकण उघडलंच गेलं नाही. मी दोन घास खाल्ले, त्यांची चव विचारू नका.

दोनच्या सुमारास साहेबांचं उत्तर आलं. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमी वाचा."

मी वाचलं. फोनवर बोलल्याप्रमाणे उद्याची गाडी मान्य.

बाईंनी डबा पुढे ओढला. मला उलगडा झाला. दिवसभर कानाला फोन लावून बसणारे साहेब, कुणाशी काय बोललो ते आठवत नसताना, 'मी बोललोच नव्हतो' असं कुठल्या तोंडाने सांगणार? पण खाली आणखी एक ओळ होती. साहेब पुरते मुरलेले होते. मी तीही मोठ्याने वाचली: तसेच त्याच फोनवर आपण कबूल केल्याप्रमाणे, येत्या रविवारी आमच्याकडे पडलेला मागचा सगळा माल तपासून द्यायला दोन माणसं पाठवावीत आणि सोबत आपण स्वतः यावे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पालथ्या मोबाइलकडे पाहिलं. सकाळपासून दाबून धरलेला आवाज एकदम सुटला, आणि पलीकडच्या पॅकिंगमधली माणसंही काम थांबवून वळली.

"आवं, येवढं समदं कबूल करस्तवर मी फोन ठिवला कसा न्हाई?"