झेंडूचा मध

तो पिवळा चेंडू मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. बारामतीच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तो माझ्या उजव्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, दिवसभर दाबत राहायचं. बोटं आत्ता वळली नाहीत तर कायमची ताठ राहतील." मी मान डोलावली. घरी येऊन थोडे दिवस दाबला आणि कंटाळून फळीवर टाकला. चेंडू दाबून निघतं काय? ना पोळी लाटली जाते, ना भाजी खुडली जाते. ज्या कामातून काही हाती लागत नाही ते काम माझ्याच्यानं होत नाही, हा माझा स्वभावच आहे.

हात कापला तो गवत कापताना. विळा रोजचाच, बांध रोजचाच. फक्त माझं लक्ष मागून येणाऱ्या ट्रॅक्टरकडे गेलं, विळा हातातून निसटला आणि सावरायला गेले तर उजवी मूठ पात्यावरच पडली. अंगठ्याची आणि त्याच्या शेजारच्या बोटाची शीर तुटली. ती शिवली, प्लॅस्टर झालं, निघालंही. जखम भरली, पण मूठ मिटेना. बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची आणि मी त्यांच्याकडे रागानं बघत बसायची.

बाकीचं काम कुणी ना कुणी उचललं. भाजीच्या तोडणीला बायका लावल्या, पोळ्या लेक करू लागली. अडलं होतं ते एका गाईवर. काटेवाडीतल्या आमच्या गोठ्यात बाकीच्या गाईंची धार मशीननं निघते. ही एक मात्र मशीन दिसलं की लाथा झाडते आणि मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कासेला हात लावला की पान्हा चोरते. लहानपणी तिची आई मेली तेव्हा मीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तेव्हापासून तिला माझाच हात लागतो. आता ती गाभण होती, दूध आटलं होतं आणि दिवस भरत आले होते. व्याल्यावर दूध पुरतं निघालं नाही तर कास दगडासारखी होते, सड निकामी होतात आणि गाय कामातून जाते.

मालक म्हणाले, "गाभण हाय तवर चांगलं गिऱ्हाईक मिळंल. व्याल्यावर तुझा हात चालला न्हाय तर तिचंच हाल हुतील. दलालाला बोलावतो."

"बोलवू नका," मी म्हणाले. "व्यायची ती हितंच व्याऊ द्या. पयल्या धारंला मी बसते. माझ्या हातानं न्हाय निघालं तर खुशाल घिऊन जाऊ द्या त्याला."

त्यांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि वैरण टाकायला निघून गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. त्या बघण्याचा मला फार राग आला.

माझी लेक बारामतीला कॉलेजात शिकते. सुट्टीच्या दिवशी ती लॅपटॉपवर शेतीचा एक गेम खेळते. घरची शेती सोडून पडद्यावर नांगरट करत बसते म्हणून मी तिला आजवर पुष्कळ बोलले आहे. त्या दिवशी मात्र तिच्या हातातल्या रिमोटकडे माझं लक्ष गेलं. तो दोन्ही हातांत धरायचा, डाव्या अंगठ्यानं पडद्यावरचा माणूस चालवायचा आणि उजव्या हाताचं बोट खालच्या खटक्यावर ठेवायचं.

"ह्यो खटका कशाला?" मी विचारलं.

"मध काढायला. मधमाश्यांच्या पेटीपाशी जायाचं आन् दाबून धरायचं. बरणी भरंस्तवर सोडायचं न्हाय. सोडलं की माश्या चवताळत्यात."

"आण हिकडं."

माझं बोट खटक्यावर टेकलं, पण त्यात दाबायची ताकदच नव्हती. बरणीच्या तळाला कुठं चार थेंब यायचे, की बोट सुटायचं, माश्यांचा घोळका उठायचा आणि माझा माणूस तोंड झाकून रानभर पळायचा. लेक हसून हसून लोळायची. मी दात-ओठ खात त्याला पुन्हा पेटीपाशी उभा करायची. एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून मी डावा हात पलीकडून आणला आणि त्यानंच खटका दाबला. बरणी भरली, पण लेकीनं पकडलं.

"आई, माश्यांना चालंल, तुझ्या बोटाला न्हाय चालायचं," असं म्हणून तिनं ओढणीनं माझा डावा हात रिमोटलाच बांधून टाकला. मी तिला चांगलं फैलावर घेतलं, पण ओढणी सोडली नाही.

दुपारची कामं उरकली की मी बसायची. कोपरापर्यंत कळ जायची. पण चेंडू दाबताना होत नव्हतं ते इथं होत होतं, थेंब थेंब का होईना बरणीत काहीतरी पडत होतं. अर्धी बरणी झाली, पाऊण झाली आणि एका दुपारी काठोकाठ भरली. पडद्यावर लिहून आलं, साधा मध.

"साधा म्हंजी?" मला ते लागलंच.

"पेटीशेजारी फुलं लाव. मग त्या फुलाचा मध येतो. त्यो भारी असतो."

मी झेंडू लावला. झेंडू आमच्या घरचं पीक; दसऱ्याच्या तोंडावर तो कसा आणायचा हे मला कुणी शिकवायला नको. पेट्यांच्या चारी बाजूंनी असा काही फुलवला की लेकसुद्धा वा म्हणाली. तरी बरणी भरली की पुन्हा साधा मध. पुन्हा भरली, पुन्हा साधा. हा गेमच खोटारडा आहे असं मी जाहीर केलं.

शेवटी लेक शेजारी बसून बघू लागली. गेममध्ये दिवस उजाडला. मी आधी ओळीनं सगळी फुललेली फुलं तोडली, बाजाराला पाठवली आणि मग मोकळ्या झालेल्या वाफ्यांमधून मधाच्या पेटीकडे गेले.

"अगं, फुलं का तोडलीस?"

"मग काय करू? फुलल्यावर ठेवतंय व्हय कुणी? उद्या मऊ पडली की बाजारात इचारतंय कोण?"

मालक दारात पाय पुसत होते. ते तिथूनच म्हणाले, "बरुबर हाय तिचं. तोडायला आल्यालं फूल शेतात ठिवलं म्हंजी ते गेलंच."

लेकीनं कपाळाला हात लावला. "तुमच्या दोघांच्या रानात माशी उपाशी मरंल!"

खरंच होतं तिचं. आम्हां दोघांनाही फुललेलं फूल म्हणजे राहून गेलेलं काम वाटतं. आता ते डोळ्यांसमोर तसंच राहू द्यायचं होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या पिवळ्या वाफ्यापाशी आलं की माझा माणूस आपोआप तिकडं वळायचा. मी त्याला ओढून पुढं न्यायची. फुलं उभी राहिली, माश्या त्यांच्यावर घुमू लागल्या आणि मी पेटीपाशी जाऊन खटका दाबला. बोट खटक्यावरून घसरू लागलं. सोडावंसं वाटत होतं. मी मनात म्हटलं, आज सोडलं तर उद्या गाय सोडावी लागेल. बरणी भरली. या वेळी रंग गडद केशरी होता आणि वर लिहिलं होतं, झेंडूचा मध.

मी इतक्या जोरात ओरडले की मालक गोठ्यातून धावत आले. त्यांना मधाचं काही पडलेलं नव्हतं. माझं बोट अजून खटक्यावर घट्ट वळलेलं होतं, त्याकडे ते बघत राहिले आणि म्हणाले, "च्या टाकतो." त्यांनी लग्नानंतर कधी चहा टाकला होता मला आठवत नाही.

गाय एका दुपारी व्याली. कालवड झाली. ती पोटभर प्यायली तरी कास तटतटलेलीच होती. मालकांनी कोमट पाण्यानं कास धुतली आणि बाजूला झाले. मी बादली घेऊन बसले. आधी अंगठा आणि बोट मिटायचं, मग बाकीची बोटं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा चिकाची जाड धार बादलीत पडली.

एका सडाचं झालं आणि अंगठा निसटू लागला. रागानं मला रडू कोसळलं.

"ऊठ आता. मी बघतो," मालक म्हणाले.

"हात लावू नका तिला!"

मी हात झटकला, पदरानं पुसला आणि पुन्हा बसले. गाय कालवडीला चाटत होती. तिनं पाय उचलला नाही की पान्हा चोरला नाही. थांबत थांबत, शिव्या घालत मी चारही सड मोकळे केले. उठले तेव्हा ऊन पार उतरलं होतं.

मालकांनी खाली बसून एकेक सड स्वतः चाचपून पाहिला. मग फोन घेऊन फाटकापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दलालाशीच बोलत होते.

"न्हाय, येऊ नका. गाय द्यायची न्हाय... व्हय, व्याली आजच... न्हाय हो, मशीन कशाला? आमच्या मंडळींनी काढली. हातानं."

"उजव्या हातानं!" मी गोठ्यातून ओरडले. "सांगा त्याला!"