अडचणी : निरंक

आधीच सांगून टाकते. आमची गणिताची टीचर शाळा सोडून गेली ती माझ्यामुळे गेली. अनुदान संपलं, संस्थेने मुदत वाढवली नाही, असं मी लोकांना सांगते आणि ते खोटंही नाही. पण ते अनुदान घालवलं कोणी? मी. उभा जन्म शाळेत काढून शहाणी झालेली मी.

कांजूरमार्गला आमची मराठी शाळा. दुपारी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास वर्गात येतो आणि कडेची मुलं न सांगता उठून खिडक्या लावतात. इतिहास शिकवायला म्हणून मी तिथे लागले आणि मुख्याध्यापिका होऊन बसले. गणिताचे सर निवृत्त झाले तेव्हा पट कमी झालाय म्हणून ती जागाच रद्द झाली. मग काय, पीटीचे सर गणित घ्यायचे आणि चित्रकलेच्या बाई विज्ञान. हसू नका, बाई बिचाऱ्या फळ्यावर हृदय इतकं सुंदर काढायच्या की मुलं बघत राहायची. रक्त कुठून कुठे जातं ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

अशात एका खासगी संस्थेची योजना कानावर आली. गणित-विज्ञानाच्या तरुण शिक्षकांना त्यांनी तीन वर्षं प्रशिक्षण द्यायचं, पगार त्यांनी द्यायचा, आणि शिक्षक शाळेत टिकावा हे शाळेने बघायचं. काम बघून पुढे आणखी दोन वर्षं. मी त्याच दिवशी अर्ज भरला. शिक्षक कोण, हेही माझ्या डोक्यात पक्कं होतं.

ती माझीच विद्यार्थिनी. भांडुपच्या डोंगरावरची. वडील मूळ मालवणकडचे, आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन. पोरगी गणितात अशी की सर तिलाच फळ्यावर बोलवायचे आणि स्वतः खुर्चीत बसायचे. पुढे बीएस्सी, बीएड केलं आणि घाटकोपरच्या एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागली. मी फोन केला, म्हटलं, "येतेस का गं शाळेत?" पलीकडून एवढंच आलं, "कधीपासून, बाई?" पैशांचं तिने विचारलंही नाही. रुजू झाली त्या आठवड्यात तिचे वडील सोलांची पुडी घेऊन ऑफिसात आले. खुर्चीवर बसायला तयार नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाईनू, माझ्या चेडवाक तुम्ही आपल्या शाळेत घेतल्यात, बरा वाटला." मला तेव्हा फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

पहिलं वर्ष तिचं शिकण्यात गेलं. दर शनिवारी अंधेरीला प्रशिक्षण, सोमवारी त्यातलं काहीतरी वर्गात करून बघायचं. दुसऱ्या वर्षी तिला आठवी दिली. आमची आठवी म्हणजे काय सांगू! निम्म्या वर्गाला भागाकार येत नव्हता. पहिल्याच दिवशी तिने त्यांना शब्द दिला की दहावीपर्यंत मीच तुमची टीचर, मध्येच सोडून जाणार नाही. मी बाहेर व्हरांड्यात होते, मी ऐकलं. असं बोलू नये, असं मनात आलं होतं.

तिच्या वर्गाची एक रीत होती. हात वर करायचा तो येतं म्हणून नाही, येत नाही म्हणून. "कोणाला नाही जमलं?" असं ती विचारायची, आणि ज्यांचे हात वर, ते आधी फळ्याशी. अडतील तिथे सगळ्या वर्गाने मदत करायची. मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावलेला, वर लिहिलेलं 'आज न आलेलं'. मुलं त्यावर चिठ्ठ्या चिकटवायची. गणित सुटलं की चिठ्ठी काढायची. सुरुवातीला मी तिला म्हटलं, "अगं, हे काय चव्हाट्यावर मांडून ठेवलंयस?" ती हसली. म्हणाली, "बाई, लपवलं की ते तसंच राहतं ना."

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. सातवीपर्यंत वर्गात तोंड उघडलेलं कोणी ऐकलं नव्हतं. तिचा हात रोज वर. रोज फळ्याशी, रोज अडायची. नववीच्या दिवाळीनंतर एक दिवस ती फळ्यावर समीकरण सोडवत होती आणि मी दारात उभी होते. शेवटची ओळ लिहून तिने खडू ठेवला, मागे भिंतीशी गेली आणि आपली चिठ्ठी टराटर काढली. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला ऑफिसात जाऊन डोळे पुसावे लागले, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर संस्थेचं पत्र आलं. पाहुणे शाळा बघायला येणार, मग पुढच्या दोन वर्षांचं ठरणार. म्हणजे ही मुलं दहावीत तिच्या हाताखाली असणार की नाही, ते त्या एका दिवसावर. माझं धाबं दणाणलं. आणि धाबं दणाणलं की मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे तपासणीची तयारी.

आमच्या पिढीच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. साहेब येणार म्हटलं की फुटके बाक वरच्या मजल्यावर, हुशार मुलं पुढे, फळ्यावर सुविचार. आणि हातांची युक्ती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. साहेबाला दिसतं हातांचं रान, बाई फक्त उजव्यांना उठवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या मुख्याध्यापिकेने मला हे शिकवलं, तिला तिच्या मुख्याध्यापिकेने.

मी वर्गात जाऊन मुलांना युक्ती समजावली. भिंतीवरचा कागद माझ्या हाताने काढला. ती माझ्या मागे व्हरांड्यात आली.

"बाई, हातांचं नको ना. त्यांना खूप कष्टाने सवय लावलीय मी."

"एका दिवसाने काय बिघडतंय?"

"आणि ते लोक तपासायला नाही येत, बाई. काय कमी पडतंय तेच विचारणारेत. पत्रात लिहिलंय."

"विचारतात गं सगळेच. सांगायचं नसतं," मी म्हटलं. "तुला टिकायचंय ना इथे? मग मला शहाणपण शिकवू नकोस."

असं म्हटलं मी तिला. तिने मान खाली घातली. शाळेत असताना रागावले की घालायची, अगदी तशी.

पाहुणे आले, दोन बाया आणि एक गृहस्थ. साधी माणसं, स्टाफरूममध्ये आमच्याबरोबर तिळगूळ खाल्ला. नववीत त्या गृहस्थांनी प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग हात वर. ते चकितच झाले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा डावा हात वर होता आणि ती नेहमीसारखी आशेने टीचरकडे बघत होती, आता मला बोलावणार म्हणून. टीचरने नजर दुसरीकडे वळवली आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला उठवलं. असं चारदा झालं. चौथ्यांदा त्या पोरीने हात हळूच खाली घेतला.

निघताना पाहुण्यांतल्या एका बाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला काही अडचण? आणखी काय लागेल?" प्रयोगशाळेत नळ नव्हता. निम्म्या मुलांना अपूर्णांक अजून अडत होते. तिला आणखी दोन वर्षं हवी होती. हे सगळं तिच्या ओठावर होतं, मला दिसत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिची बाई ना! म्हणाली, "नाही मॅडम, सगळं छान आहे."

मग त्यांचा फॉर्म. त्यात शेवटी 'अडचणी व पुढील गरजा' असा रकाना होता, चांगलं अर्धं पान मोकळं सोडलेलं. त्या रकान्यात काय लिहायचं, हे माझ्या हाताला पाठ होतं. शिक्षण खात्याच्या कुठल्याही कागदावर अडचणी म्हटलं की आम्ही एकच शब्द लिहितो. अडचण लिहिली की चौकशी लागते, मग खुलासे द्या. मी झोकदार अक्षरात लिहिलं, 'निरंक', म्हणजे अडचण एकही नाही, आणि खाली सही ठोकली.

मार्चमध्ये उत्तर आलं. आपल्या शाळेत उद्दिष्ट पूर्ण झालेलं पाहून फार आनंद वाटला, आता जिथे गरज जास्त आहे अशा शाळेकडे हे साहाय्य वळवत आहोत. सोबत एक प्रशस्तिपत्रकही होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी तिथल्या तिथे फोन लावला. म्हटलं, अहो, आम्हाला गरज आहे, खूप गरज आहे.

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "पण मॅडम, आम्ही विचारलं होतं. तुम्हीच लिहिलंय ना, निरंक."

"ते तसं लिहायचं असतं हो. सगळेच लिहितात."

"म्हणजे खरं नव्हतं ते?"

मी परत विनवण्या सुरू केल्या. ती म्हणाली की पैसे देतोय असं दुसऱ्या शाळेला कळवून झालंय, आता काही होणार नाही. तिने सॉरीसुद्धा म्हटलं. चूक माझी आणि सॉरी तिने म्हणायचं.

मी काय काय नाही केलं नंतर. आमच्या शाळेच्या संचालकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मंजूर जागा नाही म्हणजे नाही, हे त्यांचं पालुपद. ती अर्ध्या पगारावरही राहायला तयार होती, पण त्यांना तेवढाही द्यायचा नव्हता. त्यात तिच्या वडिलांना वॉचमनचं काम झेपेनासं झालेलं, घर तिच्यावर. घाटकोपरचा क्लास तिला परत बोलावत होताच. निदान शनिवारी येऊन शिकवते म्हणाली, तर क्लासवाल्यांची अट, बाहेर कुठे शिकवायचं नाही.

शेवटच्या दिवशी ती ऑफिसात आली. गणिताच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. तो भिंतीवरचा कागद मी काढून कोपऱ्यात टाकला होता, तो तिने उचलून जपून ठेवला होता. तोही घडी करून किल्लीशेजारी ठेवला. चिठ्ठ्या तशाच होत्या त्यावर. मला वाटलं आता ही बोलेल, भांडेल, आणि भांडली असती तर बरं झालं असतं. ती वाकून माझ्या पाया पडली.

"मुलांना काय सांगू गं?" मी विचारलं.

"मीच सांगून आले, बाई. सांगितलं, मी शब्द मोडला." मग म्हणाली, "तुमचं नाव नाही घेतलं."

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि हमसून हमसून रडले. एवढी तर मी माझी आई गेली तेव्हा रडले नव्हते.

जूनमध्ये दहावीचं गणित मी घेतलं. दुसरं कोण होतं? इतिहासाची बाई, सकाळी पाचला उठून गाइडमधून गणितं पाठ करते आणि वर्गात फळ्यावर उतरवते. तो कागद मी पुन्हा भिंतीवर लावला आहे. जुन्या चिठ्ठ्या वाळून गळतात, नवी कोणी लावत नाही.

परवा एक गणित केलं. तिसऱ्या ओळीवरून चौथी ओळ कशी आली ते मलाच कळलं नव्हतं. मुलांना विचारलं, "समजलं?" सगळ्यांचे उजवे हात वर.  मी खडू ठेवला आणि म्हटलं, "बाळांनो, खरं सांगा. कोणाला नाही समजलं? त्यांनी हात वर करा." एकही हात हलला नाही. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

मग तिसऱ्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाई, आज पाहुणे येणारेत का?"

"नाही गं," मी म्हटलं. "कोणी नाही येणार."

ती खाली बसली. तिने दोन्ही हात बाकाखाली घेतले.